उंदरांच्या दाढा आणि आईची कवळी

ता. ४ जून

चि. ठमीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. म्हाताऱ्या उंदरांच्या दाढा तरुण उंदरांपेक्षा कमी जोर लावला तरी खोबणीतून सुटतात, हे शोधायला तुझ्या प्रयोगशाळेला दोन वर्षं आणि एक यंत्र लागलं! मला विचारायचंस. माझ्या दातांच्या दवाखान्यातला कुठलाही म्हातारा हे फुकटात दाखवतो. उंदरांचे दात कोरून कुणाचं पोट भरलंय, ते एकदा कळव.

असो. तुझं संशोधन पहिल्यांदाच कामाला आलं. आईचे उरलेले दात हलू लागलेत. हिरड्या स्वच्छ, एक्स-रेत हाडही शाबूत. म्हणजे दोष वयाचाच. दात हाडाशी बांधून ठेवणारे तंतू म्हातारे झाले. वर्षभर तिला सगळं मिक्सरमधून काढून देतोय, तरी ही गत. सोळा तारखेला सगळे दात काढतो. कवळी तयार आहे. आई कुरकुरते, पण तिला त्यातलं काय कळतं?

लोभ आहेच, तो तिच्या दातांसारखा हलू नये.

दादा

ता. ९ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

आमच्या निष्कर्षाची शेपटी धरून तू आईच्या तोंडात चिमटा घालायला निघालास, म्हणून घाईने लिहितेय. तो निष्कर्ष आम्ही मागे घेतला. पिंजरे सांभाळणाऱ्या मावशींना म्हाताऱ्या उंदरांची दया आली होती. तरुणांना खाण्याच्या कडक गोळ्या, म्हाताऱ्यांना त्याच गोळ्या पाण्यात भिजवून! आणि आम्ही शहाणे जबड्याचे काप यंत्रात धरून, दाढ दाबून, तंतू किती जोराला तुटतात ते मोजत बसलो. त्या तोंडात काय जात होतं, ते कुणी पाहिलंच नाही. परवा मी पिंजऱ्यातली थाळी उचलली, तर हाताला चिखल लागला. चावायचं कामच उरलं नाही की तंतू ढिले पडतात. आता वयाचा दोष किती आणि चिखलाचा किती, हे पुन्हा पहिल्यापासून मोजायचंय.

आता तुझं पत्र पुन्हा वाच, विशेषतः मिक्सरचं वाक्य. उंदरांवरून आईला औषध देऊ नये, हे मलाही कळतं; पण काढलेला दात परत उगवत नाही, हे तुला शिकवलं असेलच. दीड महिना थांब. तिला हळूहळू चावायला दे. तरीही हलले, तर मी स्वतः येऊन तुझ्या कवळीला हार घालीन. आणि एकदा आईलाही विचार. जीभ तरी अजून घट्ट आहे तिची.

भांडण कडक असलं तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

ठमी

ता. १ ऑगस्ट

चि. ठमीस, आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दादाने उंदीरशास्त्र म्हणून टेबलावर फेकलं. सूनबाईने ते उचलून मोठ्याने वाचलं आणि मिक्सर माळ्यावर टाकला. सोळा तारखेला मी खुर्चीत बसलेच नाही. दादा म्हणाला की घे दीड महिना, हलायचे ते हलणारच.

आधी पाव, मग पावाची कड, मग सफरचंद, मग भाजलेले शेंगदाणे. सुरुवातीला दुखलं, खोटं कशाला बोलू? काल मुदत संपली. दादा कवळी घेऊनच आला आणि बोट घालून एकेक दात हलवू लागला. पहिला हलेना, शेजारचा हलेना. मागची एक दाढ जराशी हलते, ती त्याने तीनदा हलवली आणि मला सुनावलं की वयापुढे कुणाचं चालत नाही. तोंडात बोट असताना म्हातारीला असलं काही सुनावू नये, इतकं तरी दंतवैद्याला कळायला हवं. मी तोंड मिटलं.

आता त्याच्या बोटाला पट्टी आहे, दवाखाना चार दिवस बंद, आणि दातखीळ त्याचीच बसलीय. कवळी मी त्याच्या म्हातारपणासाठी जपून ठेवलीय. किती जोर लागला, ते मोजायचं मात्र राहून गेलं. तेव्हा सुट्टी मिळताच यंत्र घेऊन ये. दादा कुरकुरेल, पण त्याला त्यातलं काय कळतं?

येताना माया आण, आणि काहीतरी कडक खाऊ.

तुझी आई