खळ लावलेलं शेवटचं प्रकरण

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागावलेली आता बहुधा मी एकटीच उरले असेन. मुलुंडच्या आपल्या शाळेतल्या जुन्या मुली भेटल्या की तुमचं कौतुक सुरू होतं. पन्नासच्या दशकात बाईंनी आपल्या हाती कादंबऱ्या दिल्या म्हणे! दिल्यात, खरंय. पण देण्याआधी कणकेची खळ शिजवून कादंबरीतली नको ती पानं चिकटवायचात, ते कुणी बोलत नाही. एका कपाटात आम्हा मुलींची पुस्तकं आणि शेजारच्या कपाटात शनिवारी दुपारी येणाऱ्या महिला मंडळाची. कादंबरी दोन्हीकडे तीच असायची, फक्त आमच्या प्रतीला खळ लागलेली असायची.

मॅट्रिकच्या वर्षी तुम्ही मला बोलावून एक कादंबरी दिलीत. "विचार करायला लावणारी आहे. सावकाश वाच." तिच्यातल्या मुलीला शिकायचं होतं आणि वडिलांनी स्थळ ठरवलं होतं. माझंही अगदी तेच चाललं होतं. सांताक्रूझचं स्थळ, मुलाला कायमची नोकरी, आणि मला हवं होतं कॉलेज. मी अधाशासारखी वाचत सुटले. ती मुंडावळ्या बांधून बसते आणि तिथून पुढे सगळं चिकटलेलं, शेवटचं प्रकरण सबंध बंद. मी विचारलं तर तुम्ही डोळे वटारलेत. "ते तुझ्या वयाचं नाही. लग्न झालं की वाच." मी लाजून लाल झाले. वाटलं, पहिल्या रात्रीचं काहीतरी असणार. म्हणजे लग्न झालं तिचं, संपलं.

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. लग्नाबद्दल लेकीशी सरळ बोलायची आमच्या घरात रीत नाही. मान वर न करता तिने विचारलं, "झाली का गं ती कादंबरी वाचून?"

"झाली."

"मग? काय वाटलं तुला?"

"काय वाटायचंय? व्हायचं तेच होतं शेवटी."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली. रविवारी वडिलांनी स्थळाबद्दल विचारलं, मी होकाराची मान हलवली. आई गप्प होती. मला वाटलं, तीही त्यांच्याच बाजूची.

नवरा वाईट नव्हता. पण कॉलेजचं नाव काढलं की भरलं ताट सरकवून उठायचा. पुढे मी ते नाव काढणंच सोडलं.

आईच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसले होते. ती एकदम म्हणाली, "बाईंना मीच सांगितलं होतं, ती कादंबरी माझ्या लेकीला द्या म्हणून. का, तेही सांगितलं होतं. मला तोंडाने बोलता येत नव्हतं गं तुझ्याशी. तू नाही म्हणाली असतीस, तर मी यांच्यापुढे उभी राहणार होते. शेवटी ती मुलगी मुंडावळ्या सोडून उठते, वाचलंस ना? ते वाचूनही तू मान हलवलीस, तेव्हा म्हटलं, असेल मुलगा पसंत."

कारण माहीत होतं तुम्हाला, बाई! तरी हात गेला तो मुलींच्याच कपाटाकडे. दुसरं कपाट काय कोसावर होतं? विचार करायला लावणारी म्हणून दिलीत आणि नेमका विचार सुरू होतो तिथे खळ फासलीत. माझ्या आईने जन्मात एकदा मला काही सांगायचं धाडस केलं होतं, तेही तुमच्या भरवशावर. तुमचं नाव निघालं की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एवढं सांगते. आई उत्तराची वाट बघत होती. "वाचलं होतं गं," मी म्हणाले. "मुलगा पसंतच होता मला."