निर्दोष रक्ताचे भय

११ एप्रिल
स्वस्ति श्री. सातपुडापदरजपावन, धडगावविद्यालय-देवभाषाध्यापक, विवाहमंडप-ध्वनिक्षेपक-चक्रवर्ती, अष्टप्रहर-जृंभासम्राट, ग्रीष्मेऽपि ऊर्णावस्त्रधारी, अल्पाहारी तथापि वर्धमान श्रीमान वामनशास्त्री (शास्त्री ही पदवी स्वयंप्रदत्त) जडावल्या हस्ते लिहिते झाले, ते येणेप्रमाणे :

थायरॉइडचा रिपोर्ट आला. नॉर्मल. शहाद्याचे डॉक्टर खूश. "अभिनंदन सर! आकडा अगदी मधोमध."
अभिनंदनाचा स्वीकार करवला नाही. आवाज घोगरा, त्वचा सरड्याची, कोठा संपावर. दवाखान्यात सारे घामाने निथळत होते, मी स्वेटरात. "मग हे कशाने?" "वय, टेन्शन. सकाळी फिरत जा." वर शक्तिवर्धक पातळ औषध. चव गूळ अधिक गंज.
परतताना घाटात, जीपमध्ये, सौ. : "बरं व्हयनं ना, काही निंघनं नई."
काही निघाले असते तर बरे होते, हे तिला कसे सांगावे?

१६ एप्रिल
नववीत रामशब्द चालवीत होतो. प्रथमा, द्वितीया यथास्थित. तृतीयेच्या एकवचनापुढे पाऊल टाकले आणि खाली जमीनच नव्हती. मुंजीपासून तोंडात असलेला राम. खोकल्याचे निमित्त केले. वर्गाने सौजन्यपूर्वक माना खाली घातल्या. मुले हसली असती तर इतका घाबरलो नसतो.

तात्यांचे, म्हणजे तीर्थरूपांचे, असेच आरंभले होते. प्रथम नावे गेली, नंतर रस्ते, नंतर आम्ही. शेवटी आरशातील गृहस्थास "या, बसा, चहा घ्या" म्हणत. गृहस्थ बसत नाहीत म्हणून रुसत.
घरी येऊन आरशावर पंचा टाकला. सौ.ने विचारले. "धूळ बसते," म्हणालो.
थायरॉइडला गोळी आहे. तात्यांच्या व्याधीला नव्हती. म्हणून थायरॉइडच हवा. रोगाची अशी आराधना पूर्वी कोणी केली असेल का?

२३ एप्रिल
शहादा. सौ.च्या बहिणीच्या मुलीचे लग्न. ध्वनिक्षेपक अर्थातच अस्मादिकांकडे. मानाचे टोपी-टॉवेल सुरू. पहिला मान नवरीच्या मामाचा, म्हणजे सौ.च्या सख्ख्या भावाचा, म्हणजे माझ्या मेव्हण्याचा. ज्याच्यासमवेत पंचवीस दिवाळ्या फराळ केला.
तो मंचावर आला. टोपीसाठी मान लववून उभा राहिला. मी आरंभिले : "कुलभूषण, दानशूर, भगिनीवत्सल, कृषिकर्मविशारद..." नाव येईना. "सौजन्यसिंधु, स्नेहमूर्ती..." मंडप हसू लागला, वामनसर रंगात आले असे समजून. मेव्हणा वाकलेलाच. "उदारचरित..." विशेषणे एकामागून एक निघत होती, विशेष्य कोठेच नव्हते.
अखेर सौ. पहिल्या रांगेतून ओरडली, "हिरामणभाऊ!"
हिरामण. हिरामण. हिरामण.
टोपी तशीच सोडून तो उतरला. पंगतीत सर्वांसमक्ष : "दाजी, मन्हं नाव लेवाले तुमले लाज वाटनी का?" जेवला नाही. मीही नाही.

२४ एप्रिल
सौ.ने भांडणाची सिद्धता केली होती. मी तात्यांविषयी, आरशाविषयी सर्व सांगितले. ती उठली, आरशावरचा पंचा काढला, घडी घातली.
"नंदुरबार जाऊत. तठे डॉक्टरीनबाई शे."
हिरामणने फोन उचलला नाही.

२८ एप्रिल
नंदुरबार. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीसमान. तपासणी मात्र परीक्षकाची. गळा चाचपला. गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, पण परतायला आळस करीत होता. तो त्यांनी दोनदा पाहिला. रिपोर्ट वाचला. "लक्षणं एक सांगतात, कागद दुसरं. आणखी कुठली औषधं?"
"नाही."
"जीवनसत्त्वं? केसांसाठी काही?"
"छे. वैराग्यशील मनुष्य मी."
सौ. : "खातस ना बाई! टक्कलनं भ्याव शे त्यासले. रोज एक गोयी. धोतरनी घडीमा डबी दडाडी ठेवतस. त्यासले वाटस, मले ठावं नई!"
वैराग्याचे असे वस्त्रहरण.
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. या गोळ्यांतल्या बायोटिन नामक जीवनसत्त्वाची मात्रा मोठी असली, तर काही यंत्रांना थायरॉइडचा आकडा चुकीचा दिसतो. बिघाड असूनही नॉर्मल येऊ शकतो. रक्त द्यायच्या सकाळी घेतली होती? घेतली होती. उपाशीपोटी या म्हणाले होते. गोळीला अन्न कोण मानतो?
"आठवडाभर बंद. मग पुन्हा रक्त."
"म्हणजे थायरॉइडच?" आवाज फारच आशाळभूत निघाला असावा.
"असं मी म्हटलं नाही, सर. आकडा पुन्हा नॉर्मलच आला, तर विसरण्याचं कारण दुसरीकडे शोधू. मेंदूचीही तपासणी करू."
जिना उतरताना सौ.चा हात धरावा लागला. गुडघ्यांमुळे, असे तिला सांगितले.

२ मे
गोळी बंद. उशीवर केस. पडोत. डोके आतून शाबूत राहिले, तर बाहेरून चेंडू झाला तरी चालेल.
निजण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घेतो : हिरामण, साडू, व्याही, शेजारी. आज शेजाऱ्याचे नाव विलंबाने आले. सौ. भिंतीकडे तोंड करून होती. श्वासावरून जागी.

६ मे
रक्त दिले. सकाळी फक्त पाणी, तेही सौ.च्या देखरेखीखाली. रिपोर्ट परवा.
हिरामण स्वतः आला होता. सौ.ने कळवले असणार. दारातूनच : "दाजी, कोन शे मी?"
"हिरामण."
"मंग तधय मांडवमा काय व्हयनं व्हतं तुमले?"
"ठाऊक नाही."
राहिलेली मानाची टोपी माझ्या हातून घालून घेतली, चहा प्याला. निघताना सौ.शी अंगणात बराच वेळ हळू आवाजात. मला पाहताच दोघे पावसापाण्याचे बोलू लागले.

८ मे
नंदुरबार, लॅब. रिपोर्ट तयार आहे. आतली मुलगी छापायला गेली आहे. छपाईयंत्राची घरघर भिंतीपलीकडून ऐकू येते. जन्मात प्रथमच परमेश्वराकडे सदोष रक्त मागत आहे. त्याने प्रार्थना नीट ऐकावी, सवयीने आरोग्य देऊ नये.

तूर्त तक्रार एवढीच : वातानुकूलन यंत्राचा झोत नेमका माझ्या मानेवर. बाहेर पाखरे भाजत आहेत, येथे हिमालय. तापमान वाढवा, अशी सविनय विनंती केली. रिमोट साहेबांच्या खणात, खणाला कुलूप, साहेब जेवायला. सरकून बसावे, तर बाकड्याच्या त्या टोकाला सौ.; ती हलत नाही. माझा डावा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला आहे, सोडत नाही, उजव्यात लेखणी. मग ही घसरलेली शाल वर कोणी ओढायची?