सनद परत मागणाऱ्या भावास

पोलादपूर,
ता. ९ डिसेंबर १९३४

प्रिय सहदेव,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तीन वर्षांत एक ओळ नाही, आणि आता एकदम सहा पानं, वर टाईप केलेला एक कागद. पत्रात तू मला अकरा वेळा 'आक्का' म्हटलं आहेस. महाडच्या घरातून काढून मोटारीत बसवलंस त्या दिवशी एकदाही म्हणाला नव्हतास. ड्रायव्हरला म्हणालास, "ह्या बाईंना पोलादपूरला उतरवा." मी तुझ्याकडे बघत होते आणि तू माझ्या ट्रंकेची दोरी तपासत होतास.

तू विचारलंस म्हणून सांगते, मी बरी आहे. कुशाबाकाकांनी मला मागची पडवी दिली आहे. काकू जेवायला वाढते. काका बोलत नाहीत. आपल्या खोऱ्यातला पहिला वकील तू. तुझी सनद आली तेव्हा काकांनी अख्ख्या आळीला बुंदी वाटली होती, ते त्यांच्या मनातून जात नाही. नदीवर धुणं घेऊन गेले की बाया मला दगड रिकामा करून देतात आणि लांब जाऊन बसतात. भावाला बुडवणारी म्हणतात. पहिल्या वर्षी रडू यायचं, आता धुणं लवकर आटपतं एवढंच.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी अकरा, हे तू दोन ठिकाणी लिहिलं आहेस. मी तुला भरवलं, अंगावर घेऊन झोपवलं, तू शाळेतून आलास की तुझ्याच पुस्तकावरून मी अक्षरं शिकले. सगळं खरं. ते आठवण करून देण्यामागचा हेतू मात्र मला तुझ्या वकिलीसारखा वाटतो, म्हणून त्याला उत्तर देत नाही. ज्याच्याविषयी तू सहा पानांत धड काही लिहिलं नाहीस, त्याविषयी लिहिते.

ठकूबाईचं नावसुद्धा तू लिहिलं नाहीस. 'ते प्रकरण' म्हणतोस. ठकू उमरठची, माझ्या सासरची शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी त्या गावात नवऱ्या म्हणून गेलो आणि तीन वर्षांच्या अंतराने कपाळ पुसून बसलो. मी तुझ्याकडे आले, ती तिथेच राहिली, लहानग्या तुळसाला घेऊन, नवऱ्याच्या भातशेतीवर. पाच वर्षांपूर्वी भाद्रपदात ती चालत पोलादपूरला आली, तिथून गाडीने महाडला, आणि आपल्या मागच्या दारी उभी राहिली. दीर हैबतीने नोटीस दिली होती, की ठकूने मुंबईत दुसऱ्याशी पाट लावला, तेव्हा जमीन सोडावी. तू तिला ओसरीवर न बसवता माजघरात घेतलंस, म्हणजे लोकांनी बघायला नको. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता.

ती काही केल्या बोलेना. तू समजावलंस, की विधवेने पाट लावला तरच पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क जातो. बाकी तिने काय केलं, कशी राहिली, त्यावरून कोर्ट जमीन काढून घेत नाही. "पण मला सगळं खरं सांग. वकिलाला सांगितलेलं भिंतीबाहेर जात नाही," हे तुझे शब्द. तरी ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मी म्हटलं, "सांग गो ठकू, माझा भाऊ हाय तो." सहदेव, त्या वाक्याचा हिशेब मी कोणाकडे मागू?

मग तिने सांगितलं. शेत दोन वर्षं नासलं तेव्हा तुळसाला आईकडे ठेवून ती मुंबईला गिरणीत गेली होती. लालबागच्या चाळीत चांगू नावाच्या माणसाबरोबर राहिली. पाट लागला नाही, तो लावायलाच तयार नव्हता. एक मुलगा झाला, नऊ दिवस जगला. त्याचं नाव तिने मनातल्या मनात भिकू ठेवलं होतं आणि ते तोंडाने प्रथम आपल्या माजघरात उच्चारलं. तू चाळीचा नंबर विचारलास, शेजारी कोण राहायचं ते विचारलंस, सगळं लिहून घेतलंस. ती जाताना तुझ्या पाया पडली. मी तिला भाकरी बांधून दिली.

पंधरा दिवसांनी तू तिला निरोप पाठवलास, की हातात फार कामं आहेत, दुसरा वकील बघ. ती देवस्थळी वकिलांकडे गेली. म्हातारा भला माणूस, पण परका पुरुष, त्याच्यापुढे तिची जीभ उचलली नाही. आणि त्याच महिन्यात हैबती तुझ्या ओसरीवर दिसायला लागला. तू उभा होतास ती लोकल बोर्डाची निवडणूक जवळ आली होती आणि त्या बाजूची अकरा गावं हैबतीच्या शब्दात होती. मी तुला विचारलं होतं, हा माणूस इथे का येतो? तू म्हणालास, "कोर्टातलं कोर्टात, आक्का. तू चुलीकडे बघ." मी चुलीकडे बघितलं. माझा दोष मी झाकत नाही.

खटल्याच्या दिवशी ठकूने निरोप धाडला, कोर्टात बायामाणसांतलं कोणी नाही, तू नुसती उभी राहा. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. उमरठची निम्मी माणसं आत होती. तू हैबतीच्या बाजूने उठलास तेव्हा ती पहिल्यांदा हसली, खरंच हसली, तिला वाटलं काहीतरी चुकतंय आणि तू आत्ता नीट करशील. मग तू विचारलंस, "लालबागच्या चाळीत चांगू तुझा कोण?" तू परत विचारलंस. मग म्हणालास, "बरं, भिकू कोणाचा?"

मी तुझा आवाज तुझ्या जन्मापासून ऐकते आहे. इतका गोड आवाज तू कधी काढला नव्हतास. ठकूने कठड्याचं लाकूड धरलं आणि खाली बसली. देवस्थळी उठून म्हणाले, ही बाई आधी यांच्याकडे सल्ल्याला गेली होती असं मला कळतं. तू साहेबांकडे वळून म्हणालास, "ही बाई माझ्या घराची पायरी कधी चढलेली नाही." पुढे लालबागहून आणलेले दोन साक्षीदार उभे राहिले. पाटाच्या दिवशी आम्ही गूळ खाल्ला म्हणाले. ती दोन नावं तुझ्याच वहीत होती. बाहेर आल्यावर ठकूने मला एवढंच विचारलं, "येसू, तुला ठावं हुतं काय गो?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. तिला पटलं नाही हे मला दिसलं, आणि पटावं तरी का?

मी चार दिवस वाट पाहिली. तू जेवायला बसलास की वाटायचं, आता बोलेल. तू आमटीत मीठ कमी आहे म्हणालास. पाचव्या दिवशी मी डोक्यावरून पदर घेऊन देवस्थळींच्या घरी गेले आणि माजघरात जे ऐकलं ते सगळं सांगितलं. मला त्यांनी बोलावलं नव्हतं, शिकवलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. तू तुझ्या टाईप केलेल्या कागदात जे जे घातलं आहेस त्यातलं एकही खरं नाही, आणि ते तुला ठाऊक आहे. साक्ष देते म्हटलं तर म्हाताऱ्याने मला दोनदा परत पाठवलं. म्हणाले, "बाई, तुमचं दाणापाणी भावाच्या घरात आहे, विचार करा." विचार करून तिसऱ्यांदा गेले.

देवस्थळींनी तुझ्याविरुद्ध तक्रार केली आणि अलिबागला जिल्हा जज्जांपुढे चौकशी झाली. तुझं म्हणणं, वकीलपत्र नाही, फी नाही, तेव्हा ती माझी अशीलच नव्हती. आणि मुळात ती आलीच नव्हती. ही दोन्ही एकदम कशी खरी असतील, हे साहेबांनी तुला विचारलं तेव्हा तू पाणी मागितलंस. मग तुझ्या वकिलाने मला विचारायला सुरुवात केली. तुझ्या बायकोशी, रखमावहिनीशी माझं पटत नव्हतं का, घरातल्या किल्ल्यांवरून भांडण झालं होतं का. इथपर्यंत मी समजू शकते. पण नंतर तो म्हणाला, "नवरा गेल्यावर तुम्ही सावित्री नदीत जीव द्यायला गेला होतात. डोक्यावर परिणाम झाला होता ना?"

सहदेव, ते जगात दोनच माणसांना माहीत होतं. डोहाच्या काठावरून तू मला ओढून आणलं होतंस, सोळा वर्षांचा होतास, आणि म्हणाला होतास, आक्का, हे मी कधी कुणाला सांगणार नाही. तू वकिलाच्या मागे बसला होतास. मी तुझ्याकडे बघितलं, तू कागद चाळत होतास. मी साहेबांना सांगितलं, "हो, गेले होते. आणि मला परत आणणारा हा माझा भाऊ. ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. आता साहेबांनीच बघावं, विश्वासाने सांगितलेलं हा कसं वापरतो." साहेबांनी लेखणी थांबवली आणि मग बराच वेळ लिहीत राहिले.

हायकोर्टाचा निकाल देवस्थळींनी मला मराठीत वाचून दाखवला होता. तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण मला तो आवडला. फी घेतली का, वकीलपत्रावर अंगठा झाला का, हा प्रश्नच नाही. वकील म्हणून ज्याने एखाद्याला समोर बसवलं आणि मनातलं बोलायला लावलं, तो त्या क्षणापासून बांधला गेला. त्याने पुढे काम घेतलं नाही तरी बांधलेलाच. तुझी सनद काढून घेतली. त्याच आठवड्यात तू मला काढलंस.

तू लिहितोस, अपिलात त्या बाईला जमीन परत मिळाली, तेव्हा नुकसान कोणाचं झालं? 'माझंच,' म्हणतोस. मी हे वाक्य वाचून पत्र खाली ठेवलं आणि गोठ्यात जाऊन उभी राहिले. महाडच्या कोर्टात गेलेली जमीन मिळाली, हो. गूळ खाणारे दोघे अलिबागला वेगवेगळे महिने सांगून बसले. पण तुळसाचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडची माणसं म्हणाली, ज्या आईचं असं कोर्टात वाचलं गेलं तिथली पोर नको. तुळसा आज एकोणीस वर्षांची आहे, आईबरोबर भातलावणी करते आणि आईशी बोलत नाही. तिला भिकूबद्दल कोर्टातून आलेल्या माणसांकडून कळलं. ते कोणत्या अपिलात परत मिळतं ते तू मला सांग.

आता तुझा कागद. सनद परत मिळावी म्हणून तू अर्ज केला आहेस, त्यावर अलिबागच्या साहेबांनी चौकशी करून कळवायचं आहे, आणि मी सही करून द्यायची, की त्या दिवशी मी माजघरात नव्हते, देवस्थळींच्या सांगण्यावरून बोलले. बदल्यात महाडच्या घरात माझी खोली. सनद गेल्यापासून मुंबईत परळच्या खोलीत बसून गिरणीकामगारांचे अर्ज लिहिण्याचा तुला कंटाळा आला असेल, मला त्याचंही वाईट वाटतं. म्हणून लगेच 'नाही' लिहिलं नाही. बुधवारी उमरठला गेले आणि तुझा कागद ठकूला वाचून दाखवला. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. ती निवडणाची सुपली बाजूला ठेवून म्हणाली, "माजं काय हुयाचं ते झालं. पन त्यो पुन्ना खुर्चीवर बसला, तर पुन्ना कुनाला तरी म्हननार, सगलं सांग. आन ती बाय सांगनार. तिला कोन सांगल गो, नको सांगू म्हनून?" त्याचं उत्तर मी अलिबागला देणार आहे. अठरा तारखेला साहेबांपुढे तुझ्या अर्जाला हरकत घ्यायला मी स्वतः उभी राहणार, तुझा हा कागद आणि ही सहा पानं घेऊन. देवस्थळी आता उठू शकत नाहीत, माझ्या बाजूने वकील कोणी नसेल. काकांना सांगितलं तर पडवीही जाईल, तरी आज सांगणार आहे. हे पत्र तुझं मन वळवण्यासाठी लिहिलेलं नाही. ठकू कोर्टात शिरली तेव्हा तू कोणाच्या बाजूने उठणार हे तिला माहीत नव्हतं. तुला माहीत असावं, की मी तुझ्या विरुद्ध येते आहे, आणि ते माझ्याच हातून तुला कळावं, म्हणून नऊ दिवस आधी लिहिते आहे. तयारी कर. माझ्याबद्दल अजून काही ठाऊक असेल तर तेही विचार.

तुझीच, कारण हे कोणत्याच कोर्टाला काढून घेता येत नाही,
येसू आक्का