ताईला समुद्रात उतरायचंय

१२ नोव्हेंबर
चि. गुंड्यास,
अ. उ. आ.
तुझं पत्र पोचलं. खुशालीच्या दोन ओळी आणि दोन पानं काळजी! अरे, अपघातात माझे पाय लुळे पडले, डोकं जागेवर आहे. बेटावर जायचं ठरलंय, ते बदलणार नाही. तिथलं पाणी ऐन थंडीतही कोमट असतं म्हणे. मला खिडकीतून लाटा बघायच्या नाहीत, पाण्यात उतरायचंय. शिवणाची गिऱ्हाइकं आठवडाभर थांबतील. तू सोबत ये. वर्गात पोरांना समुद्राचे प्रवाह शिकवतोस आणि स्वतः कधी घोट्याच्या वर भिजला नाहीस, जरा लाज धर.
बोलले ते मायेपोटी, मनाला लावून घेऊ नकोस.
तुझी ताई

२० नोव्हेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तू बेटावर ठरवलेल्या हॉटेलात मी फोन केला. मॅनेजर म्हणाला, चाकाची खुर्ची वाळूत रुतते, जबाबदारी कोण घेणार; ताईंनी व्हरांड्यात बसून मजा बघावी. खरं सांगू? मला ते पटलं. तुला नुसतं गाडीत बसवतानाही मी दहादा विचारतो, लागलं का; तिथे तर लाटा. पुढच्या वर्षी बघू.
रागाव, पण धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा गुंड्या

१५ डिसेंबर
चि. गुंड्यास,
अ. उ. आ.
व्हरांडा माझ्या घरालाही आहे, त्यासाठी विमानात कशाला बसू? ते हॉटेल सोडलं. बाकीच्यांना फोन करकरून भंडावलं. शेवटी बेटावरच खोल्या देणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांच्याकडे वाळूत चालणारी जाड टायरची खुर्ची आहे. त्यांनी एवढंच विचारलं की पोहता येतं का. येत नव्हतं! म्हणून इथल्या तलावावर शिकायला जाते. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, ही काही परत येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी मी दारात. आता पाठीवर तरंगते. गुंड्या, पाण्यात माझे पाय आपणहून वर येतात रे. कुणाला उचलावे लागत नाहीत.
तिकिटं दोन काढली आहेत. दुसरं कुणाचं, ते तूच ठरव.
आशीर्वाद आहेतच, हट्ट केलास तरी.
तुझी ताई

१८ जानेवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सुखरूप घरी पोचलो. कानातली वाळू अजून निघते आहे. वर्गातली पोरं रोज समुद्राबद्दल विचारतात, आणि मी धडा सोडून तुझंच सांगत बसतो.
खुर्ची पाण्याच्या कडेला आली तेव्हा परत फिरूया म्हणणार होतो. तुझा चेहरा बघितला आणि खुर्ची पुढे ढकलली. छातीभर पाण्यात तुझ्या पाठीखाली हात धरून उभा होतो, तर तू म्हणालीस, हात काढ. मी ऐकलं नाही. मग लहानपणी दटावायचीस त्या आवाजात पुन्हा म्हणालीस, तेव्हा काढले. तू आभाळाकडे बघत हळूहळू सरकत गेलीस. तुझे कान पाण्याखाली होते, म्हणून तुला कळलं नसेल. शेजारी एक अनोळखी जोडपं पोहत होतं. मी त्यांना ओरडून ओरडून सांगत होतो की ती माझी ताई आहे, माझी ताई.
माया अशीच ठेव.
तुझा गुंड्या