मागच्या खोलीतली पोती

६ मार्च
कॉलेजात आज कचऱ्यावर व्याख्यान. आमच्या लायब्ररीला कुलूप लावून आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये नेऊन बसवलं. व्याख्यानाला आलेल्या संस्थेच्या बाई चांगलं बोलल्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो इवलासा तुकडाच पुढे कोणाच्या हाती लागत नाही. धुवा, वाळवा, वेगळं ठेवा. शेवटी हात पुढे करून शपथ. शेजारचे सर एका हाताने शपथ घेत होते, दुसऱ्या हातात मोबाइल. मी मात्र मनापासून घेतली. का, कोण जाणे.
घरी आल्या आल्या सुरुवात. दुधाची पिशवी सोपी. तेलाची म्हणजे छळ. गरम पाणी झालं, सोडा झाला, तरी बुळबुळीतच. दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. ओट्यावरून जिजी, म्हणजे सासूबाई: "भांडासले पानी नही, आन कचराले आंघोळ!"
त्यांना आता दिसतं फार कमी. ऐकू सगळं येतं.

१० मार्च
चार दिवसांच्या धुतलेल्या पिशव्या घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळ्या दिल्या. त्याने बघितल्या, शाबास म्हटल्यासारखी मान हलवली, आणि ओल्या कचऱ्यावरच फेकल्या. मी ओरडले तर म्हणतो, "मावशी, तुम्ही येगळं द्या का येकत्र द्या, पुढे समदं येकच खड्डामा जास."
चिडून म्हणाला नाही. समजूत काढल्यासारखं बोलला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१५ मार्च
भंगारवाल्याला थांबवलं. बाटल्या घेतल्या, पुठ्ठा घेतला, तेलाचा पत्र्याचा डबा घेतला. वेफर्सचं पाकीट दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं. बाहेरून प्लास्टिक, आतून चांदी. "हाई कोनी लेत नही, बाई." दुधाच्या पिशव्याही सुट्या नको म्हणतो.
व्याख्यानवाल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, साठवून ठेवा, मेमध्ये संस्थेची गाडी शहाद्याकडे येणार आहे, सगळं नेईल. सगळं म्हणजे सगळं ना? हो हो.
खताची रिकामी पोती झटकून मागच्या खोलीत लावली. न्हाणीला लागून ती एकच जागा मोकळी. गारवा असतो तिथे, उन्हाळ्यातही.

२४ मार्च
गल्लीत बातमी पसरली. कमलवहिनी पोतंभर घेऊन आल्या. "तुम्ही गाडीत देणारच ना, मग आमचंबी घ्या." मागून आणखी दोघी. मी आनंदाने घेतलं. रात्रीच्या जेवणात ह्यांना सांगितलं तर म्हणाले, गावाची कचराकुंडी झाली आपली.
उघडून पाहिलं तर धुतलेलं काही नाही. शेवेचा चुरा, सॉसच्या चिकट पुड्या, बिस्किटांचे तुकडे. परत कसं देणार? तोंड वाकडं करतील. थोडं धुतलं. नळ एक दिवसाआड येतो. बाकीचं तसंच राहिलं.

१ एप्रिल
आधी मुंग्या. आता उंदीर. पोती खालून कुरतडलेली.
हे दुकानातून आले (पंप दुरुस्तीचं दुकान, हात नेहमी ग्रीसचे) आणि सरळ एक पोतं उचलून अंगणात. "जाळी टाकूत समदं. सारा गाव जाळस." काडी लावलीसुद्धा. काळा धूर, आणि तो वास घशात चिकटतो. मी बादली ओतली. ह्यांच्या पायावर पडलं थोडं पाणी. बोलणं बंद.
चूक माझी नाही. उंदीर माझे नाहीत. पण पोती माझी.

९ एप्रिल
बोलणं सुरू, कारण सापळा ह्यांनीच आणला. रोज एखादा सापडतो. विष घालायचं नाही असं ठरलं. कुठे मरून पडले तर वास, आणि आमची रेणू बाळंतपणाला यायची आहे.
जिजी दुपारभर सांगत असतात आता कुठे आहेत. "आते पोतामा. आते भितकडे." घरात बसल्या बसल्या उंदरांची वर्दी.

१९ एप्रिल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.
रेणू आली सुरतेहून. पोट बरंच खाली आलंय. जावई सोडून लगेच परत गेले. आंब्याचा रस, पुरणपोळ्या, घागर भरली. जिजींनी तिच्या पोटावर हात ठेवला तो काढीचनात. इतकी वर्षं आखाजीला येते, पण या वेळी बाळंत होईपर्यंत राहणार, म्हणून घर भरल्यासारखं वाटलं.
तिला मधली खोली दिली. कूलर तिथेच आहे. भिंतीपलीकडे मागची खोली, एवढंच. पोती बघून हसली. "मम्मी, दुकान टाकायचं का?"

२३ एप्रिल
उंदीर गेले! दोन-तीन दिवस सापळा रिकामा. आवाज नाही. ह्यांना म्हटलं, बघा, आपोआप मिटलं.
जिजींना सांगितलं तर खूश नाही झाल्या. "उंदीर सोताहून जात नहीत, मंदा." माळ ओढत बसल्या.

२६ एप्रिल

सकाळी पिशव्या धुवायला बसले. पोत्यांच्या मधे एक लांब पातळ काहीतरी पडलेलं. वाटलं, कुठल्या तरी पाकिटाचं आतलं अस्तर. उचललं. हलकं. सवयीने बादलीत बुडवलं आणि दोन बोटांत धरून चोळलं. मऊ झालं, आणि बोटांना खवले लागले.
कात.
मी ती धूत होते. साबण लावून.
ओरडले नाही. रेणू स्वयंपाकघरात दाणे सोलत होती. वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात नेली ह्यांच्याकडे. ह्यांनी काउंटरवर पसरली आणि गिऱ्हाईक आलं तरी झाकायचं सुचलं नाही.

२७ एप्रिल
मुकुंदभाऊ आले. लाइटफिटिंगचं काम करतात, साप धरायला बोलावलं की येतात. रेणूला कमलवहिनींकडे पाठवलं, पापड लाटायचं निमित्त काढून.
एकेक पोतं काठीने ओढून अंगणात उलटं केलं. महिनाभराचं सगळ्या गल्लीचं खाणं अंगणात पसरलं, उन्हात चमकत होतं. साप नाही. खोली रिकामी झाली तेव्हा दिसलं, मोरीजवळ भिंतीच्या तळाला भोक. माझा हात जाईल एवढं. आधी उंदरांचं असणार.
कात पाहिली. "ताजी शे." नाग का? मण्यार? "डोकानी बाजू फाटी जायेल शे. कोनता शे, सांगता येत नही." धामणही असेल म्हणाले, बिनविषारी. असेल. पण आवाजात जोर नव्हता.
ह्यांनी विचारलं, भोक बुजवू? सिमेंट आहे दुकानात.
"तो बाहेर व्हई तं बुजा. पण मझार व्हई, आन तुम्ही बुजं, तं तो दुसरी वाट शोधी."
जोतं सगळं एकच आहे. मागच्या खोलीखालचं तेच मधल्या खोलीखाली. मधल्या खोलीतली कोपऱ्यातली फरशी गेल्या दिवाळीपासून हलते.
मुकुंदभाऊंनी चहा घेतला नाही.

२८ एप्रिल
भोकासमोर पीठ भुरभुरवलं. काही गेलं-आलं तर कळेल. रेणूची खाट पुढच्या खोलीत आणली. तिला सांगितलं, तिथे मोकळं वाटेल.
पोती अंगणात लिंबाखाली, ताडपत्री टाकून. मागची खोली आता स्वच्छ. इतकी स्वच्छ की आत पाय टाकवत नाही.

१ मे
पिठावर काही नाही. मुंग्यांनीच नेलं अर्धं.
पुढच्या खोलीवर पत्रा. दुपारी भट्टी. रेणूचे पाय सुजले, डोकं दुखतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बी.पी. वाढतंय, गार जागेत ठेवा हिला, हयगय नको. कूलर पुढे आणला तर पाण्याची गरम वाफच मारतो, खिडकी नाही ना त्या बाजूला.
म्हणजे परत मधली खोली.
आज ह्यांना विचारून टाकलं, कमलवहिनींकडे ठेवू का? त्यांच्याकडे लग्नाची पाहुणेमंडळी. आणि जावयांना काय सांगणार? सुरतेला परत पाठवू? एवढा प्रवास आता नको म्हणतात.

३ मे
रेणूला कळलं. कमलवहिनींच्या तोंडून.
"मम्मी, खरं सांग, काय शे?" ती माझ्याशी अहिराणी बोलते तेव्हा घाबरलेली असते. लहानपणापासून.
सांगितलं सगळं. कात धुतली तेही. वाटलं ओरडेल. ती कूलरकडे बघत बसली. मग म्हणाली, "तू आमच्यासाठी चांगलंच करायला गेलीस ना." हे ऐकण्यापेक्षा ओरडली असती तर बरं होतं.

४ मे
जिजींनी हट्ट धरला. खाट मधल्या खोलीत, रेणूच्या शेजारी टाका म्हणे. हे म्हणाले, तुले दिसत नही, तू काय करशी?
"दिसत नही. पण मी ऐकसू."
आता त्या तिथेच असतात. कूलर अधूनमधून बंद करायला लावतात. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. रेणूला घाम फुटतो. जिजी मान तिरपी करून ऐकतात, मग हाताने खूण करतात: लाव.

८ मे
ह्यांनी भोक बुजवलं. मला न विचारता. मी सकाळी मागच्या खोलीत गेले तेव्हा सिमेंट ओलं होतं.
"किती दिवस उघडं ठेवायचं?" हे म्हणाले. "काहीतरी करायला हवं ना माणसाने."
मला राग आला, पण मीही तेच केलं असतं. बाहेर होता की आत, हे आता विचारायचं नाही असं दोघांनी न बोलता ठरवलं. पण हे मधल्या खोलीतली ती हलणारी फरशी बसवायला गेले तेव्हा जिजी म्हणाल्या, आज नको. फरशीवर धान्याची कोठी सरकवली, भरलेली.

१२ मे
गाडी आली. कॉलेजच्या गेटशी. मी आणि कमलवहिनी पोती रिक्षात घालून घेऊन गेलो. दोन मुलं, हातमोजे घातलेली. दुधाच्या पिशव्या घेतल्या, त्याही स्वच्छ तेवढ्याच. वेफर्स, बिस्किटं, मसाल्याच्या पुड्या, आतून चांदी असलेलं सगळं बाजूला काढलं. "हे आमच्याकडे होत नाही, मॅडम." व्याख्यानवाल्या बाई आल्या नव्हत्या.
बहुतेक पोती परत. रिक्षावाला म्हणाला, वाटेत नाल्यात टाकू का? कमलवहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हटलं. घरी आणून लिंबाखाली परत ठेवली. भिंतीला चिकटून नाही, लांब.
कमलवहिनींना म्हटलं, आपापलं न्या आता. "आमी दिलं तवा तुम्ही घेतलं ना, मंदाताई." खरंच आहे.

१५ मे
दूध रोज येतं. पिशवी रोज धुते. हात आपोआप चालतो. फक्त आता बादलीत बघून मग हात घालते.

१७ मे
पहाटे कळा. सरकारी दवाखान्यात. मुलगी. दोघी बऱ्या. बी.पी. होतं पण सांभाळलं. बाळाचे केस दाट, काळेभोर.
हे बाहेरच्या बाकावर बसून रडले, मग चहा आणायला गेले. जिजींना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "लक्षुमी येल शे." आणि लगेच घर बघितलं का, ही काळजी: "घर कोनी दखं का आज?"

१८ मे
घरी जाऊन आले. डिंकाचे लाडू, बाळाचे कपडे. घरातल्यांपैकी जिजी एकट्याच, शेजारची मुलगी सोबतीला. मधल्या खोलीत कूलर बंद. जिजी खाटेवर नव्हत्या, खाली जमिनीवर, कोठीला टेकून, हात फरशीवर.
"काय ऐकू आलं?"
"काही नही."
चांगलंच ना मग? त्या उठल्या नाहीत. मी उठवलं तर हात बर्फासारखे. या उन्हात.

१९ मे
मुकुंदभाऊंना परत बोलावलं. घराभोवती फिरले. मागे, रेणूच्या खिडकीखाली, जोत्याच्या दगडांत एक फट दाखवली. मी इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती. फटीच्या तोंडाशी माती गुळगुळीत झालेली, काहीतरी जाऊन-येऊन व्हावी तशी. "जुनी बी व्हई," म्हणाले. कोठी हलवून फरशी उचलायची का? "उचलूत. पण बाळंतीण घरमा नको तवा." फावडं, माणसं घेऊन परवा येतो म्हणाले.
दवाखान्यात विचारलं, आणखी दोन दिवस ठेवता का. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बेड नाही, दोघी ठणठणीत आहेत, घेऊन जा.

२० मे
आणलं घरी. ओवाळलं, तुकडा ओवाळून टाकला. खाट मधल्या खोलीत मधोमध, पायांखाली विटा. चादरी वर खोचलेल्या, कुठेही जमिनीला लागत नाहीत. पाळणा मी छताच्या कडीला बांधला, उंच. रेणू सगळं बघत होती. बाळाला छातीशी घेऊन झोपली.
सरकारी दवाखान्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला, ह्यांनी. बाळंतिणीसाठी, असं पाहुण्यांना सांगायचं ठरलं.

२१ मे
मुकुंदभाऊ आले नाहीत. तळोद्याकडे कुठे गेलेत, उद्या नक्की म्हणाले.
आज पाचवी. पाटा-वरवंटा धुऊन मांडला, हळदकुंकू, नैवेद्य तयार. संध्याकाळी पुजायची. कमलवहिनी आणि बायका येणार आहेत गाणी म्हणायला. पाचवीच्या रात्री घरात कोणीतरी जागं राहायचं असतं, सटवाई येते म्हणून. बायकांनी पाळ्या लावल्या आहेत, कोण किती वेळ जागणार. मी म्हटलं, माझं नाव सगळीकडे घाला.
जिजींनी आत्ताच कूलर बंद करायला लावलाय.