एक तारखेच्या सह्या

प्रिय ताई,

वाचल्याशिवाय सही करू नये, हे शहाणपण तू मला फोनवर तिसऱ्यांदा शिकवलंस. अगं, वाचायला त्यावर काही असतं तर वाचलं असतं ना. कागद कोरेच असतात. आमच्या धुलाई कारखान्यात एक तारखेला कारकून सगळ्या ड्रायव्हरांना ओळीनं बसवतो आणि महिनाभराच्या ड्युटीच्या कागदांवर सह्या घेऊन टाकतो. रोज उठून तुमच्या वेलांट्या बघत बसायला त्याला वेळ नाही म्हणे. मी सगळ्यात आधी उरकायचो. सही तूच शिकवलेली, ती कुठेतरी मिरवायला नको?

गाडी मागे घेताना मी वळून बघितलं नाही, हे खरं. हॉस्पिटलच्या चादरी पोचवायला उशीर झाला होता, आणि माझ्या पायाला भिंगरी आहे हे तुला ठाऊकच आहे. मागे एक शिंपी सायकल धरून उभा होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चेचला. ज्याचं पोट पायमशीनवर, त्याचा पाय. दोष माझाच, तो मी कधी नाकारला नाही.

त्याच्या वकिलानं मला समजावलं ते साधं होतं. गाडी मालकाची, काम मालकाचं, तर भरपाईही मालकानं द्यायची. ड्रायव्हरच्या खिशात असतं काय? म्हणून त्या दिवसाच्या कागदाला महत्त्व. कारकुनानं तो दुसऱ्या दिवशी भरला: आज सुट्टी, गाडी न विचारता स्वतःच्या कामाला नेली. खाली माझी सही, अगदी सुबक.

शिंप्याची बायको कोर्टाच्या जिन्यात भेटली. वाटलं, आता शिव्या घालणार. तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, भाऊ, तू फक्त खरं काय ते सांग, पुढचं आम्ही बघू.

कागदानं मला फसवलं असं मी तुला सांगितलं, ते अर्धंच होतं. जज्जसाहेबांनी मला सरळ विचारलं होतं, यात लिहिलंय ते खरं का. तिथं एका शब्दानं सगळं मोडता आलं असतं. पण आदल्या दिवशी मालकानं केबिनमध्ये मला खुर्ची दिली होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. नोकरी राहील, खोली राहील, शिंप्याचं मी गुपचूप बघतो, म्हणाला. मी कोर्टात हो म्हणालो. ती बाई समोरच बसली होती, तिनं नुसती मान खाली घातली. मालक सुटला. परवा शिंप्याचा विषय काढला, तर म्हणतो, माझा संबंध नाही असं कोर्टानंच सांगितलंय की. आता सगळी भरपाई माझ्या नावावर आहे. अर्धा पगार तिकडे जातो, आणि जन्मभर गेला तरी ती फिटायची नाही, त्याचा पायही यायचा नाही. आईला एवढंच सांग की पगार कमी झाला. खोलीभाडं आणि जेवण जाऊन उरले ते पाठवतोय, आठशे.

तुझाच,
बारक्या