प्रत्येक कागदामागचा दर

उदगीर, गुरुवार, सायंकाळ

उद्या सकाळी वर्षभराचा करार होणार, आणि मी दिलेला सल्ला चुकीचा आहे.

आमच्या डाळ मिलची बिले यापुढे खरेदीदार कंपनीच्या संगणकात थेट पोहोचणार. ती पोहोचवणाऱ्यांनी दोन दर दिले होते: महिन्याला ठरावीक रक्कम, किंवा संगणकातून जाणाऱ्या प्रत्येक कागदामागे पैसे. ऑर्डरी महिन्याला जेमतेम चार. म्हणून मी दुसरा दर सुचवला. मालक अण्णांनी विश्वासाने मान डोलावली.

निघताना मुनीमकाकांना सहज विचारले. ते हसलेच. "चार ऑर्डरीची चार बिलं व्हय? अगं, जेवढे टेम्पो तेवढी बिलं! एका टेम्पोतली डाळ नापास झाली, तर बाकीच्यांचे पैसे कशाला अडकवायचे?"

आणि एका ऑर्डरीला पंधरा टेम्पो लागतात. प्रत्येकाचे बिल, शिवाय प्रत्येकाची माल निघाल्याची सूचना. महिन्याला एकशे वीस कागद, आणि प्रत्येक कागदामागे पैसे! त्यापेक्षा ठरावीक रक्कम कितीतरी स्वस्त. मी ऑर्डरी मोजल्या, कागद मोजलेच नाहीत. काकांना आधी का विचारले नाही? संकोच, दुसरे काय.

अण्णांना फोन लावला. चूक सांगून टाकली.

"सकाळी मला पटवून देत होतीस, अन् आता चुकलं म्हनतीस?"

"हो, अण्णा. ठरावीक रकमेचाच करार करा."

"बरं. पन त्या लोकांना मी न्हाई सांगनार. उद्या तू सांग, समद्यांदेखत."

अनोळखी माणसांसमोर मी आजवर धड नावही सांगितलेले नाही. "सांगते," असे कुणीतरी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर उमगले की ती मीच होते.